लाल मातीवरून हिरवळीवर: पॅरिस ते विम्बल्डन, सहा आठवडे

महिला टेनिसचा मोसम जानेवारीत ऑस्ट्रेलियात सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्यातले मे-जूनचे सहा आठवडे सगळ्यांत अवघड, कारण या दिवसांत पायाखालची जमीनच बदलते. लाल मातीवर घसरत जाऊन चेंडू मारायची सवय लागलेल्या पायांना एकदम हिरवळीवर उभं राहायचं असतं, आणि तिथे घसरणं म्हणजे दुखापत. अव्वल वीस जणींकडे हे सांभाळायला माणसं असतात. खरी ओढाताण होते ती क्रमवारीत ११० ते १५० च्या मधल्या खेळाडूची. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत तिला थेट जागा नसते, पात्रता फेरीतून वर यावं लागतं आणि सोबत फार तर एक प्रशिक्षक असतो. अशा खेळाडूचा प्रवास २०२५ च्या वेळापत्रकाप्रमाणे इथे दिवसवार मांडला आहे. पॅरिसमध्ये ती पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत हरते असं धरलं आहे. ते निराशेपोटी नाही. १२८ जणींतून १६ पुढे जातात आणि ११२ जणी हरतात, म्हणून हरण्याचा बेत आधीपासून तयार असायलाच हवा.

शुक्रवार, १६ मे. पॅरिस

रोलाँ गारोस, म्हणजे फ्रेंच ओपनचं मैदान, शहराच्या पश्चिम टोकाला आहे. मेट्रोच्या १० नंबरच्या मार्गावर पोर्त दोतई स्थानकाला उतरून चालत जाता येतं. पोचल्यावर आधी ओळखपत्र, मग सरावाच्या कोर्टाची नोंदणी. पात्रता फेरीच्या खेळाडूंना सुरुवातीला कोर्ट वाटून घ्यावं लागतं, एका कोर्टावर चौघी. म्हणजे तासातला प्रत्यक्ष उपयोग अर्ध्या तासाएवढा. त्यामुळे सर्व्हिस आणि परतीचे फटके आधी उरकायचे. लांब रॅलींचा सराव अशा गर्दीत होत नाही.

त्यानंतरचं काम रॅकेट विणायला देण्याचं, आणि हे घाईत उरकायचं काम नाही. खेळाडू साधारण सहा ते आठ रॅकेट घेऊन फिरते, सगळ्या एका वजनाच्या आणि एका तोलाच्या. फॉर्मवर उभ्या आणि आडव्या तारांचा ताण वेगवेगळा लिहायचा असतो, समजा उभ्या २३.५ किलो आणि आडव्या २२.५. आकडा तोच असला तरी दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या हातानं विणलेली रॅकेट वेगळी लागते. काही यंत्रं तार ओढून तिथेच कुलूप लावतात, काही पकडेपर्यंत सतत ओढत राहतात, आणि दुसऱ्या पद्धतीत तार जास्त घट्ट बसते. म्हणून नव्या गावात पहिल्या दिवशी एकच रॅकेट विणायला द्यावी, वीस मिनिटं खेळून बघावी आणि मग बाकीच्यांचा आकडा ठरवावा. त्यानंतर आठवडाभर विणणारा माणूस बदलू नये. खोलीत अनेक जण काम करत असतात, पण ‘याच माणसाकडे द्या’ अशी विनंती करता येते.

पॉलिएस्टरची तार पहिल्या काही तासांतच बराच ताण सोडते. शुक्रवारी विणलेली रॅकेट सोमवारच्या सामन्यात ढिली वाटते आणि चेंडू दोन हात बाहेर जातो. खेळाडू फोरहँडला दोष देते, दोष तारेचा असतो. सामन्याच्या रॅकेट आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी विणून घ्याव्यात.

शनिवार, १७ मे

या मातीची रचना समजून घेतली तर हवामान बघून खेळ ठरवता येतो. वरचा लाल थर म्हणजे विटांचा चुरा, जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याखाली दाबलेल्या चुनखडीचा पांढरा थर असतो, आणि पाणी धरून ठेवायचं काम तो करतो. ऊन असलं की वरचा चुरा सुकतो, चेंडू खांद्याच्या वर उसळतो आणि टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी) करणारीची चांदी होते. ढग आले, पारा चौदा-पंधरावर उतरला की चेंडू ओली माती गोळा करून जड होतो आणि उसळी कमरेपर्यंतच राहते. अशा दिवसासाठी दोन रॅकेट अर्धा ते एक किलो कमी ताणाच्या करून ठेवाव्यात. ढिली तार चेंडूला जास्त ढकलते, तेवढंच मनगटाचं ओझं कमी.

पावसापासून आडोसा फक्त दोन कोर्टांना आहे: फिलिप शात्रिएला २०२० पासून छत आहे आणि सुझान लाँग्लाँला २०२४ पासून. पात्रता फेरीचे बहुतेक सामने बाहेरच्या कोर्टांवर होतात. पाऊस आला की थांबायचं, हे गृहीतच धरायचं.

रविवार, १८ मे

हलका सराव, चाळीस मिनिटं. संध्याकाळी उद्याचा क्रम लागतो. नोंदणीकृत चाचणी गटातल्या खेळाडूनं उत्तेजक चाचणीसाठीचा ठावठिकाणा याच वेळी तपासावा. रोज एक तास असा द्यावा लागतो की त्या तासात चाचणीवाले आले तर खेळाडू सांगितलेल्या जागी हजर असेल. बारा महिन्यांत तीन वेळा चुकलं तर बंदीची टांगती तलवार. बहुतेक जणी पहाटेचा तास आणि हॉटेलची खोली देतात, ते शहाणपणाचं आहे. घोटाळा होतो तो हॉटेल बदलल्यावर. त्याबद्दल पुढे येईलच.

सोमवार, १९ मे

आज दोन गोष्टी घडतात. पहिली, पात्रतेची पहिली फेरी सुरू होते. दुसरी मैदानावर दिसत नाही, पण वर्षभर पुरते: विम्बल्डनच्या मुख्य फेरीची प्रवेशयादी सहा आठवडे आधीच्या, म्हणजे आजच्या क्रमवारीवर ठरते. पॅरिसमध्ये यापुढे काहीही कमावलं तरी विम्बल्डनच्या थेट प्रवेशाला त्याचा उपयोग नाही. १२८ पैकी १०४ जागा क्रमवारीवर, ८ वाइल्ड कार्डच्या (आयोजक स्वतः देतात त्या) आणि १६ पात्रता फेरीच्या. हा नियम किती कठोर आहे ते २०२५ मध्येच दिसलं. फ्रान्सची लोईस ब्वासाँ ३६१ व्या क्रमांकावरून वाइल्ड कार्ड घेऊन आली आणि रोलाँ गारोसची उपांत्य फेरी गाठून पहिल्या सत्तरांत गेली. तरी तीन आठवड्यांनी तिला विम्बल्डनची पात्रता फेरी खेळावी लागली, आणि तिथे ती पहिल्याच सामन्यात हरली. तारखा ज्यांच्या डोक्यात पक्क्या असतात त्यांचा मोसम नीट बसतो.

आता सामना. सुरुवात सकाळी १० वाजता आणि आपला सामना कोर्टावर तिसरा. जास्तीत जास्त तीन सेटचा महिला सामना सव्वा तासातही संपतो आणि पावणेतीन तासही चालतो. म्हणजे आपली वेळ साडेबारा ते चार यांच्या मध्ये कुठेही. नेहमीची चूक अशी, की ‘अजून वेळ आहे’ म्हणून बाराला पोटभर जेवण होतं आणि पहिल्या सामन्यात कुणीतरी दुखापतीनं माघार घेते. उपाय साधा आहे. मुख्य जेवण सर्वांत लवकरच्या शक्य वेळेच्या तीन तास आधी, म्हणजे साडेनऊला. नंतर दर दीड तासाला केळं, भात किंवा पाव असं थोडं थोडं. सरावाचं कोर्ट सकाळी अर्धा तास, आणि आधीच्या सामन्याचा दुसरा सेट ४-४ ला आला की रबरी पट्ट्या, दोरीउड्या, छोटी धाव असं दुसऱ्यांदा अंग गरम करायचं. आधीच्या सामन्यावर लक्ष ठेवायला प्रशिक्षक हवा, खेळाडू नको.

कोर्टावर दोन बारकावे. पहिल्या सात गेमनंतर चेंडू बदलतात आणि पुढे दर नऊ गेमनंतर. पहिल्या खेपेला दोन गेम कमी, कारण सामन्याआधीचा सराव त्याच चेंडूंवर होतो. नवा चेंडू गुळगुळीत आणि वेगवान असतो, म्हणून त्याच वेळी ताजी रॅकेट काढावी. आणि चेंडूच्या खुणेवर शंका असेल तर रॅली लगेच थांबवायची. फटका मारून झाल्यावर हात वर केला तर पंच खाली उतरत नाहीत. समोरची खूण चुकूनही पायानं पुसू नये, पुसली तर निर्णय मान्य केला असं धरतात.

मंगळवार, २० मे

विश्रांती. अर्धा तास चेंडू, वीस मिनिटं फिजिओ, तारा विणून घेणं.

बुधवार, २१ मे

दुसरी फेरी. तीन सेट, अडीच तास आणि हार.

पुढचे चोवीस तास कसे घालवले यावर पुढचा महिना बराचसा ठरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कोर्टावरून आल्यावर पहिल्यांदा वजन करायचं. सामन्याआधीच्या वजनापेक्षा एक किलो कमी भरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर मीठयुक्त पाणी थोडं थोडं करून जायला हवं. पहिल्या तासात दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं, सोबत प्रथिनं. हरल्यावर जेवावंसं वाटत नाही, म्हणून शरीर दोन दिवस मागे पडतं. जिंकल्यावर सगळं शिस्तीत होतं. शिस्त मोडते ती हरल्याच्या दिवशी.

मग हिशेब. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत हरल्यावर क्रमवारीचे २० गुण मिळतात, पहिल्या फेरीत हरल्यावर २, पात्र ठरल्यावर ४०. २०२५ मध्ये पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरणारीला २१,००० युरो, तर मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरली तरी ७८,०००. तीन सामन्यांमधलं हे अंतर. रक्कम कर कापून हातात येते, म्हणून वर्षाचा खर्च मांडताना छापील आकडा धरू नये.

शेवटी हॉटेल. आज रात्री किंवा उद्या खोली सोडायची, तर ठावठिकाण्याची नोंद त्याच क्षणी बदलायची. चाचणी चुकण्याचे प्रकार हमखास अशाच दिवशी घडतात. मन ताळ्यावर नसतं, गाडी पकडायची असते आणि नोंदीत जुनी खोली राहून जाते.

गुरुवार, २२ मे आणि शुक्रवार, २३ मे

रॅकेटला हात नाही. सायकल पंचवीस मिनिटं, मालीश, झोप.

जी शुक्रवारी तिसऱ्या फेरीत हरली तिचा पेच वेगळा. मुख्य फेरीतून कुणी माघार घेतली तर तिची जागा लकी लूजरला मिळते, आणि त्यासाठी शेवटच्या पात्रता फेरीत हरलेल्यांतल्या क्रमवारीत वरच्या खेळाडूंचा विचार होतो. रोलाँ गारोसची पहिली फेरी रविवारपासून मंगळवारपर्यंत चालते, म्हणजे चार दिवस थांबायचं, रोज सकाळी वेळेत यादीवर सही करायची आणि अंग गरम ठेवायचं. सही राहिली तर नंबर पुढच्या खेळाडूकडे जातो. जखमी खेळाडूनं पैशासाठी कोर्टावर उतरू नये म्हणून २०१८ पासून ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीआधी जागेवर माघार घेणारीला निम्मी रक्कम मिळते. त्यामुळे अशा जागा खरोखर निघतात. क्रमांक यादीत वर असेल तर थांबावं. सहावा-सातवा असेल तर सामान बांधावं.

शनिवार, २४ मे. पॅरिस ते लंडन

विमानापेक्षा रेल्वे बरी. गार द्यु नॉरहून सेंट पँक्रस सव्वादोन तासांच्या आसपास, आणि ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन मोठ्या बॅगा चालतात. रॅकेटची लांबी ६८.५ सेंटिमीटर, त्यामुळे रॅकेटची मोठी बॅगही सहसा बसते आणि डोळ्यांसमोर राहते. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी पॅरिसमध्येच होते, तेव्हा गाडीच्या वेळेच्या दीड तास आधी पोचावं. ज्या पासपोर्टला व्हिसा लागतो त्यांच्यासाठी शेंगेन आणि ब्रिटनचे व्हिसा वेगवेगळे आहेत. जुलैत मातीच्या स्पर्धांसाठी पुन्हा युरोपात यायचं असतं, म्हणून शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. हा तपशील मार्चमध्ये बघायचा, मेमध्ये नाही.

विमानानं जायची वेळ आलीच तर दोन रॅकेट आणि एक बुटांची जोडी हातातल्या सामानात. बॅग हरवली तरी दुसऱ्या दिवशी सराव चुकत नाही.

रविवार, २५ मे ते मंगळवार, २७ मे. लंडन

एक पूर्ण दिवस सुट्टी, मग दोन दिवस व्यायामशाळा. भर पोटऱ्यांवर नको. त्या मातीवर भरपूर राबल्या आहेत. आता मांड्यांचा आतला भाग, नितंबांचे स्नायू आणि कंबर. हिरवळीवर चेंडू गुडघ्याच्या वर फारसा येत नाही, त्यामुळे खेळाडूला सामनाभर वाकलेलं राहावं लागतं. तयारीशिवाय उतरलेल्या खेळाडूला तिसऱ्या दिवशी जिना उतरणं कठीण होतं.

बुधवार, २८ मे. हिरवळीवरचा पहिला दिवस

विम्बल्डनचं गवत २००१ पासून पूर्णपणे रायग्रास जातीचं आहे आणि ते ८ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. चेंडू त्यावर टप्पा घेतो तेव्हा माती करते तसा त्याला अडवत नाही. चेंडू घासत पुढे सरकतो आणि खाली राहतो. बाकी सगळे बदल यातून निघतात.

बुटांपासून सुरुवात. मातीच्या बुटाच्या तळाला माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असते, हिरवळीच्या बुटाला रबराचे बारीक दाणे. हे दाणे सिमेंटच्या वाटेवर चालून लवकर झिजतात, म्हणून बूट कोर्टाच्या कडेला घालायचे आणि तिथेच काढायचे. दाणे झिजलेला बूट दिसायला नवा असतो आणि नेमका टायब्रेकमध्ये दगा देतो. नवी जोडी एकदम सामन्यात घालू नये, दोन सरावांत पायाला बसू द्यावी.

आता पाऊल. मातीवर खेळाडू दोन-तीन लांब ढांगा टाकते आणि घसरत घसरत फटका मारते. घसरणं हाच ब्रेक असतो. हिरवळीवर ब्रेक आधी लावावा लागतो: चेंडूपासून दोन मीटर अंतरावर असतानाच ढांगा तोडून चार-पाच छोटी पावलं, गुडघे वाकलेले, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर आणि पाय खांद्यांपेक्षा रुंद. शेवटचं पाऊल लांब पडलं की आतला पाय सुटतो आणि जांघेचा स्नायू ताणला जातो. कोपऱ्यात पोचल्यावर परत फिरताना तर जास्तच धोका, कारण बाजूच्या पट्ट्यातलं गवत वापरलेलं नसतं, हिरवं आणि निसरडं असतं. २०२१ च्या विम्बल्डनमध्ये सेरेना विल्यम्सला पहिल्याच फेरीत पाय घसरून सामना सोडावा लागला होता. इतक्या अनुभवी खेळाडूचं असं होतं, तर नवखीनं पहिल्या दिवशी प्रत्येक चेंडूमागे धावायचा हट्ट धरू नये.

पहिल्या दिवशी फक्त ४५ मिनिटं. दहा मिनिटं सर्व्हिसच्या चौकोनातून हलके फटके, पंधरा मिनिटं जागेवरून छोट्या बॅकस्विंगचे (रॅकेट थोडीच मागे नेऊन) फोरहँड-बॅकहँड, दहा मिनिटं स्लाइस (चेंडूला कापून फिरकी देणारा फटका), दहा मिनिटं सर्व्हिस आणि परत. गुण मोजून खेळ नाही. दुसऱ्या दिवशी तासभर, चौथ्या दिवशी दीड तास आणि त्या दिवशी पहिला सेट. ‘वेळ कमी आहे’ म्हणून हा क्रम तोडला की पाचव्या दिवशी फिजिओच्या टेबलावर वेळ जातो.

गुरुवार, २९ मे ते शनिवार, ३१ मे

ताण पुन्हा ठरवायचा. बॅकस्विंग आखूड झाल्यानं हाताची ताकद कमी लागते, म्हणून बऱ्याच जणी अर्धा ते एक किलो उतरवतात. चेंडू खोल जायला तेवढं पुरतं. ज्यांचा फटका सपाट आणि जोरकस आहे त्यांनी मात्र उतरवू नये, चेंडू सुटतो.

सर्व्हिस टाकायच्या जागाही बदलतात. मातीवर उंच उसळणारी किक सर्व्हिस हुकमी असते. इथे ती मधोमध, मारायला सोयीच्या उंचीवर येते. इथली कमाई ड्यूस कोर्टातून (सर्व्हिस करणारीच्या उजव्या बाजूनं) बाहेर वळणाऱ्या स्लाइस सर्व्हिसची, आणि पुढचा चेंडू मोकळ्या बाजूला. सरावात पन्नास सर्व्हिसपैकी तीस याच एका जागेवर टाकाव्यात.

रविवार, १ जून ते शनिवार, ७ जून. बर्मिंगहॅम

लंडनच्या यूस्टनहून सुमारे सव्वा-दीड तास. इथली स्पर्धा १२५ दर्जाची: विजेतीला १२५ गुण, पहिल्या फेरीत हरणारीला १. पॅरिसमध्ये दुसरा आठवडा चालू असतो, त्यामुळे नावाजलेल्या खेळाडू इथे कमी असतात आणि आपल्या खेळाडूला तीन-चार सामने मिळायची शक्यता खरी असते. आता गुणांपेक्षा सामन्यांची गरज जास्त.

इथला शत्रू पाऊस. मातीवर भुरभुर चालली तरी खेळ रेटता येतो, हिरवळीवर चार थेंब पडले की पंच थांबवतात. कव्हर ओढतात, काढतात, पुन्हा ओढतात. इंग्लंडमध्ये वेळापत्रक फारच कोलमडलं तर सामने कधी कधी आतल्या हार्डकोर्टवर हलवतात, म्हणून हार्डकोर्टचे बूट बॅगेत हवेतच. म्हणजे एका बॅगेत तीन प्रकारचे बूट. सकाळचं दवही लक्षात ठेवायचं: पहिल्या सामन्याचे पहिले चार गेम कोर्ट ओलसर असतं.

रविवार, ८ जून ते शुक्रवार, १३ जून

सोमवारी ९ जूनला लंडनच्या क्वीन्स क्लबवर महिलांची स्पर्धा सुरू होते. १९७३ नंतर तब्बल ५२ वर्षांनी, २०२५ मध्ये इथे महिला परतल्या, तेही ५०० दर्जाच्या स्पर्धेसाठी. विजेती ठरली जर्मनीची ३७ वर्षांची तात्याना मारिया, आणि तीही पात्रता फेरीतून आलेली. तिचा दोन्ही बाजूंचा स्लाइस हिरवळीवर इतका खाली राहतो की ताकदीनं मारणाऱ्यांना चेंडूखाली शिरताच येत नाही. सरावाच्या दिवसांत तिचे सामने बघण्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आपल्या खेळाडूसाठी हा आठवडा भरणीचा. चार दिवस सराव, दोन दिवस जड व्यायाम आणि जमलं तर दुहेरी. दुहेरीत परतीचा खालचा चेंडू आणि जाळ्याजवळची व्हॉली आपोआप घोटली जाते, शिवाय थोडे पैसे सुटतात.

शनिवार, १४ जून ते गुरुवार, १९ जून. नॉटिंगहॅम

२५० दर्जाची स्पर्धा. शनिवार-रविवार पात्रतेचे दोन सामने, ते जिंकले की १८ गुण आणि मुख्य फेरी. मुख्य फेरीत पहिला सामना जिंकला तर ३० गुण. इथवर हिरवळीचा तिसरा आठवडा चालू असतो आणि पाय जमिनीला सरावलेले असतात. बेसलाइनचं गवत आठवड्याच्या शेवटी झिजून तपकिरी होतं, तिथे उसळी थोडी वाढते आणि कधी कधी वेडीवाकडीही येते. अशा वेळी चेंडू टप्प्याबरोबर, वाढायच्या आत मारायचा.

फार पुढे गेलं तरी पंचाईत असते. रविवारी अंतिम सामना आणि मंगळवारी विम्बल्डनची पात्रता. पण जिंकत असलेल्या खेळाडूनं सामना सोडू नये. लय हातात असताना थांबण्यापेक्षा थकलेली परवडली.

शुक्रवार, २० जून ते सोमवार, २३ जून. लंडन

नॉटिंगहॅमहून सेंट पँक्रस सुमारे पावणेदोन तास. विम्बल्डनची पात्रता फेरी मुख्य मैदानावर नसते, काही मैलांवर रोहॅम्प्टनला असते.

कपड्यांची तपासणी आजच. विम्बल्डनला पांढरं म्हणजे पांढरंच, फिकट क्रीम चालत नाही. रंगीत काठ असेल तर एक सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. दिसणारी पट्टी, मोजे, टोपी आणि बुटांचा तळसुद्धा पांढरा. २०२३ पासून महिलांना स्कर्टखाली गडद रंगाची आतली चड्डी घालायची मुभा मिळाली, फक्त ती स्कर्टपेक्षा लांब नको. मासिक पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांची चिंता वाहत खेळणाऱ्या मुलींसाठी हा बदल फार मोठा आहे, आणि तो यायला इतकी वर्षं लागली याची खंत वाटते. अशा दोन-तीन चड्ड्या आधीच घेऊन, धुऊन, सरावात वापरून ठेवाव्यात.

मंगळवार, २४ जून. रोहॅम्प्टन

पॅरिसमध्ये सामन्यांच्या मध्ये दिवस मिळतो, इथे महिलांचे तीन सामने मंगळवार, बुधवार, गुरुवार असे सलग. म्हणून पहिल्या दिवसापासून किफायतीनं खेळायचं. स्वतःची सर्व्हिस चार-पाच फटक्यांत संपवायची आणि समोरचीच्या सर्व्हिसवर ४०-० असेल तर तो गेम सोडून द्यायचा. बाहेरून प्रशिक्षकाला सूचना देता येतात, पण दोन शब्दांत: ‘खाली राहा’, ‘बाहेर टाक’. जास्त बोललेलं पोचत नाही.

बुधवार, २५ जून

कालच्या सामन्यानंतर दहा मिनिटं हलकी सायकल, थंड पाणी, जेवण, साडेनऊला दिवे बंद. आज त्याचीच परीक्षा. सामना चालू असताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, दर बाजूबदलाला दोन घोट. तिसऱ्या सेटमध्ये ६-६ झालं तर २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये दहा गुणांचा टायब्रेक. त्यात दर सहा गुणांनी बाजू बदलते, तेव्हा उन्हाची आणि वाऱ्याची बाजू आधी पाहून ठेवावी.

गुरुवार, २६ जून

शेवटची पात्रता फेरी. २०२५ मध्ये पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरलेलीला १५,५०० पौंड, मुख्य फेरीत पाऊल टाकलेलीला किमान ६६,०००. एवढा फरक माहीत असताना सर्व्हिस करायची असते. दोन चेंडूंमध्ये मिळणारे २५ सेकंद पूर्ण वापरायचे: टॉवेल, तारा बोटांनी सरळ करणं, एक लांब श्वास, मगच रेषेवर. घाईत केलेली दुसरी सर्व्हिस जाळ्यात जाते, हे रोहॅम्प्टनच्या गुरुवारी दरवर्षी दिसतं. एमा राडुकानूनं २०२१ मध्ये अमेरिकन ओपन पात्रतेपासून सुरुवात करून दहा सामन्यांत एकही सेट न गमावता जिंकली, तेव्हा ती १५० व्या क्रमांकावर होती. या दारातून किती लांब जाता येतं, ते तिथे दिसलं.

शुक्रवार, २७ जून ते सोमवार, ३० जून. विम्बल्डन

शुक्रवारी सकाळी ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत. पात्र ठरलेली जिथे पडेल तिथे, समोर अव्वल मानांकितही येऊ शकते. कोर्टावर पंच एकटेच असतात. २०२५ पासून इथे रेषेवरचे पंच नाहीत, निर्णय यंत्र देतं. पॅरिसमधली खुणेकडे बोट दाखवायची सवय आता विसरायची.

पात्रतेचे ४० आणि पहिल्या फेरीत हरली तरी १०, असे ५० गुण. आणि यावेळी तारीख बाजूनं आहे. अमेरिकन ओपनची प्रवेशयादी १४ जुलैच्या क्रमवारीवर ठरते आणि विम्बल्डन १३ जुलैला संपतं, म्हणजे इथला प्रत्येक गुण त्या यादीत धरला जातो.

हार झाली त्या संध्याकाळी बॅग उलटी करायची. १४ जुलैच्या आठवड्यात हॅम्बुर्ग आणि रुमानियातलं याश, दोन्ही स्पर्धा लाल मातीवर. दाण्यांचे बूट पिशवीत जातात आणि मे महिन्यातले मातीचे बूट वर येतात. तळाच्या खाचांत पॅरिसची माती वाळून बसलेली असते. ती जुन्या दातांच्या ब्रशनं आणि कोमट पाण्यानं काढायची, बूट उन्हात नाही तर सावलीत वाळवायचे, आणि सकाळी ठावठिकाण्याच्या नोंदीत नव्या हॉटेलची खोली टाकायची.